माळ्यावरची कार्यशाळा

उतारवयातील प्रकृतीविषयी लिहिताना आम्ही डॉक्टर मंडळी बहुधा रक्तदाब, साखर, गुडघे आणि झोप या चार खुंट्यांवर सारे लेखन टांगून मोकळी होतो. हातांचा मात्र आम्हांला विसर पडतो. ज्या हातांनी चाळीस वर्षे कानस चालवली, पान्हा फिरवला किंवा शिवणयंत्र हाकले, ते हात निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्राची पाने उलटण्यापुरते उरतात. म्हणून आज हातांच्या एका आडवळणाच्या छंदाविषयी लिहितो. वाफेवर चालणारी लहानशी इंजिने घरच्या घरी उघडायची, साफ करायची, जुळवायची आणि पुन्हा चालती करायची, असा हा छंद आहे.

तो मूळचा इंग्लंडचा. घराच्या परसातील लहान खोलीत लेथ बसवून इंजिनांच्या प्रतिकृती घडवणाऱ्यांसाठी तेथे १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू झाले. पुढे मॅमॉड या इंग्लिश आणि विलेस्को या जर्मन कंपनीची खेळण्यातील बाष्पयंत्रे घरोघरी पोहोचली. आपल्याकडे हा छंद विरळाच. पण परदेशातून आणलेले असे एखादे यंत्र कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेले असते आणि रेल्वेच्या किंवा गिरणीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एखाद्या आजोबांच्या नजरेस ते पडले, की घरात नवा अध्याय सुरू होतो.

या छंदाचा सर्वांत प्रसिद्ध कारागीर म्हणजे जेम्स वॅट. १७६३ साली ग्लासगो विद्यापीठाने न्यूकोमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीसाठी दिली. वॅट तेव्हा सत्तावीस वर्षांचा, उपकरणे बनवणारा कारागीर होता. त्याने प्रतिकृती दुरुस्त केली, तरी ती चार-दोन फेऱ्या मारून थांबे. बॉयलर पुरेसा मोठा दिसत असूनही वाफ पुरत नसे. दुसरा कोणी ‘खेळणेच ते’ म्हणून परत करता. वॅट मात्र कारण शोधत राहिला. प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड पाण्याने निवतो आणि पुढच्या फेरीची बरीचशी वाफ त्याला पुन्हा तापवण्यातच खर्ची पडते, हे त्याने ताडले. १७६५ साली त्याला उपाय सुचला: वाफ थंड करण्यासाठी निराळे पात्र. १७६९ साली त्याचे पेटंट मिळाले आणि पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. उष्णता आणि वाफ यांविषयी वॅट ज्यांच्याशी चर्चा करी, ते जोसेफ ब्लॅक हे त्याच विद्यापीठात वैद्यकाचे प्राध्यापक होते, हे आमच्या व्यवसायाच्या अभिमानापोटी नमूद करतो.

मला मात्र वॅटचे तारुण्य नव्हे, त्याचे म्हातारपण अधिक जवळचे वाटते. १८०० साली तो व्यवसायातून निवृत्त झाला. त्याआधी १७९४ साली त्याची लाडकी मुलगी जेसी क्षयाने गेली होती. त्या दुःखात त्याने डॉ. टॉमस बेडोज यांच्यासाठी रुग्णांना निरनिराळे वायू हुंगवण्याची उपकरणे बनवून दिली. क्षय त्याने बरा झाला नाही. १८०४ साली धाकटा मुलगा ग्रेगरीही त्याच रोगाने, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घराच्या माळ्यावर वॅटने एक कार्यशाळा थाटली होती. तेथे पुतळ्यांच्या हुबेहूब प्रती कोरणारी यंत्रे घडवण्यात तो वर्षानुवर्षे रमला. त्याच खोलीत ग्रेगरीच्या वह्या-पुस्तकांची पेटीही त्याने जपून ठेवली होती. १८१९ साली, त्र्याऐंशीव्या वर्षी, वॅट निवर्तला. ती खोली पुढे जवळजवळ तशीच राहिली आणि १९२४ साली लंडनच्या सायन्स म्युझियमकडे आली. तिला आता त्या म्हाताऱ्याची कसलीही घाई नाही.

या खोलीने वॅटचे दुःख दूर केले, असे मी म्हणणार नाही. दुःखाला बसायला तिने एक जागा दिली, एवढे मात्र निश्चित. आपल्या घरातील ज्येष्ठांना अशी जागा हवी असते, हे आम्ही औषधांच्या चिठ्ठीत लिहीत नाही.

आता या छंदात नेमके करायचे काय, ते थोडक्यात पाहू. कारण त्याची चालच उतारवयाला मानवणारी आहे. जुने यंत्र हाती आले, की पहिला दिवस नुसता पाहण्याचा. कोणता स्क्रू कोठला, कोणती चकती आत आणि कोणती बाहेर, याची चित्रे वहीत काढायची. सुटे भाग जुन्या फराळाच्या डब्याच्या झाकणात क्रमाने ठेवायचे. बॉयलरच्या आतील क्षारांचा थर लिंबूसत्त्वाच्या सौम्य द्रावणाने सोडवायचा आणि नंतर स्वच्छ पाण्याने अनेकदा धुवायचा. द्रावण रात्रभर तसेच ठेवू नये. पितळेला ते बाधते.

मग येते जुळवणी. खेळण्यातील बहुतेक इंजिनांत सिलिंडर स्वतःच घड्याळाच्या लंबकासारखा डोलतो. त्याच्या सपाट बाजूवरील छिद्र एकदा वाफ येण्याच्या वाटेसमोर आणि एकदा वाफ जाण्याच्या वाटेसमोर येते. या दोन सपाट पृष्ठांमध्ये किंचित जरी ओरखडा असला, तरी वाफ तेथूनच निसटते. म्हणून काचेच्या तुकड्यावर अतिशय बारीक पॉलिशपेपर ठेवून, तेलाचा थेंब टाकून, ते पृष्ठ इंग्रजी आठाच्या आकृतीत हलक्या हाताने फिरवत घासायचे. मागची स्प्रिंग फार आवळली तर घर्षणाने इंजिन अडते. फार सैल ठेवली तर वाफ गळते. सरकती झडप असलेल्या मोठ्या इंजिनात काम आणखी नाजूक असते. गतिचक्र हाताने फिरवून दट्ट्या एका टोकाला न्यायचा, वाफेची फट किती उघडली ते पाहायचे, मग दुसऱ्या टोकाला तेच, आणि दोन्हीकडची फट सारखी होईपर्यंत झडप केसभर इकडे, केसभर तिकडे. यात जोर लावून काहीच साधत नाही. कानाने ऐकायचे, बोटांनी जाणायचे. इंजिनाची ‘छुक-छुक’ दोन्ही बाजूंनी सारखी ऐकू आली, की जुळवणी झाली.

लक्ष एकाग्र करणे, क्रम ध्यानात ठेवणे, बोटांचे सूक्ष्म काम, चुकले तर पुन्हा करणे आणि शेवटी डोळ्यांसमोर चाक फिरताना पाहणे, हे सारे यात एकत्र येते. असा छंद स्मृतिभ्रंश टाळतो, असे छातीठोकपणे सांगणारे लेख आपण वाचले असतील. मी तसे सांगणार नाही. ज्या माणसाला उद्या सकाळी काय करायचे आहे हे ठाऊक असते, त्याची झोप, भूक आणि बोलणे बहुधा बरे राहते, एवढे माझ्या दवाखान्यातील अनुभवावरून सांगतो.

परंतु या कामात अग्नी आहे, दाब आहे आणि धारदार धातू आहे. म्हणूनच अनेक घरांत त्यावरून वाद होतात.

माझ्याकडे येणारे एक गृहस्थ, वय ७४, परळच्या रेल्वे कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त. मधुमेह, हृदयात स्टेंट बसवलेला, त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि हातांना कंप. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. भाच्याने इंग्लंडहून आणलेले जुने मॅमॉड इंजिन ते गॅलरीत बसून दुरुस्त करीत. एके दिवशी स्पिरिट सांडून टेबल पोळले. मुलगा त्यांना घेऊन आला आणि म्हणाला, “डॉक्टर, आमचे बाबा ऐकत नाहीत. आता तुम्हीच सांगा, हे सगळे बंद करा म्हणून.” बाबा काही बोलले नाहीत. नखांत अडकलेल्या काळ्या वंगणाकडे पाहत राहिले.

‘बंद करा’ हे लिहायला सर्वांत सोपे औषध आहे. त्याचे दुष्परिणाम मात्र चिठ्ठी लिहिणाऱ्याला दिसत नाहीत, घरातल्यांना दिसतात. आम्ही तिघांनी मिळून कामाचे दोन भाग केले: थंड काम आणि गरम काम. उघडणे, घासणे, जुळवणे हे थंड काम बाबांनी हवे तेव्हा करावे. जाळ पेटवणे आणि वाफ धरणे हे गरम काम फक्त रविवारी सकाळी, मुलगा शेजारी असताना. मधल्या दिवसांत इंजिन तपासायचे असेल, तर सिलिंडरला सायकलच्या पंपाची हवा द्यावी. चाक फिरते आणि जाळाची गरज पडत नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे रविवारी हा घरी राहणार ना?” मुलगा काही वेळाने “राहीन” म्हणाला. त्या चिठ्ठीवर औषध एकही नव्हते.

आपल्या घरी असा छंद असेल, तर पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

प्रथम दाबाविषयी. आपल्या स्वयंपाकघरात रोज एक बॉयलर शिट्ट्या देतो, त्याच्याशी तुलना केली की सारे समजते. कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि जास्तीचा दाब शिट्टीवाटे निघून जातो. शिट्टी तुंबलीच तर सुरक्षेची झडप वितळून वाट करून देते. कुकरचा आणि सुरक्षा झडपेचा जनक डेनिस पापँ हा फ्रेंच गृहस्थ वैद्यकच शिकलेला होता. आपल्या लहान इंजिनावरही अशी झडप असते. दर वेळी जाळ पेटवण्यापूर्वी ती हाताने मोकळी उघडते ना, हे पाहावे. वाफ जास्त मिळावी म्हणून तिची स्प्रिंग आवळणे किंवा ती बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ. बॉयलर पूर्ण भरू नये, सुमारे तीनचतुर्थांश भरावा आणि कोरडा कधीच पडू देऊ नये. पाणी संपले की डाग दिलेले सांधे वितळतात. पाणी शक्यतो डिस्टिल्ड वापरावे. जुना बॉयलर पहिल्यांदा वापरण्यापूर्वी त्याची पाण्याच्या दाबाने परीक्षा एखाद्या जाणकाराकडून करून घ्यावी. ही परीक्षा हवेने कधीही करू नये. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर थोडे पाणी गळून थांबते; दाबलेली हवा मात्र बाँबसारखी फुटते. वर सांगितलेली पंपाची हवा थेट सिलिंडरला द्यायची, बॉयलरला नव्हे.

वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून वाईट असतो. एक ग्रॅम वाफ त्वचेवर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेच उकळते पाणी शरीराच्या तापमानाला येताना जेमतेम ६३. भाजल्यास अंगठी आणि बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि तो भाग वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. तळहाताहून मोठा, किंवा चेहरा, हात, सांधे यांवरचा चटका डॉक्टरांना दाखवावाच. मधुमेह असेल तर लहानसाही.

स्पिरिटची ज्योत भर उजेडात जवळजवळ दिसत नाही. म्हणून दिवा विझला असे वाटले, तरी तो गार होईपर्यंत त्यात स्पिरिट ओतू नये. दिव्याखाली धातूची परात असावी, बाजूला वाळूची बादली. स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये; त्यात मिसळलेल्या मिथेनॉलने आंधळेपण येते, प्राणही जातो. घरात कोणी ऑक्सिजनवर असेल, तर त्या घरात हे गरम काम नकोच.

जुन्या यंत्रांत आणखी दोन लपलेले धोके असतात. पांढरट-करड्या दोरीचे किंवा पुठ्ठ्यासारखे पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू नये, ब्रशने झाडू नये, फुंकरही मारू नये. जाणकाराला दाखवावे आणि त्याजागी ग्राफाइटचे पॅकिंग घालावे. जुन्या रंगात आणि डागात शिसे असू शकते. तो रंग कोरडा घासून काढू नये. काम करून उठल्यावर चहाचा कप हाती घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. तंबाखू मळण्याची सवय असलेल्यांनी तर हे दोनदा वाचावे. चांदीचा डाग देण्याचे काम मात्र बाहेर, सराईत कारागिराकडून करून घ्यावे. त्याच्या जुन्या मिश्रणांत कॅडमियम असे आणि त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

आता शरीराविषयी. डोळ्यांना वयानुसार अधिक उजेड लागतो. कामाच्या टेबलावर स्वतंत्र दिवा आणि भिंग असावे. वाचायचा चष्मा उडणाऱ्या किसापासून डोळा वाचवत नाही. त्यावर संरक्षक चष्मा हवा. लेथ असेल तर सैल बाह्या, गळ्यातील माळ, उपरणे, ओढणी काहीही लोंबते ठेवू नये आणि हातमोजे घालून लेथ चालवू नये. फिरता चक मोज्यासकट बोट ओढतो. हात थरथरत असतील तर कोपर टेबलावर टेकवून काम करावे. कंपवाताच्या रुग्णांनी गोळीचा असर चांगला असण्याची वेळ नाजूक कामासाठी निवडावी. दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतात. तसे वाटल्यास डॉक्टरांना सांगावे, औषध आपण होऊन थांबवू नये. झोपेची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी घेतली असेल, त्या दिवशी लेथही नको आणि जाळही नको.

मधुमेहींच्या बोटांची आणि पावलांची जाणीव बोथट झालेली असू शकते. गरम पितळ हाताला कळत नाही, जमिनीवरचा धारदार कीस पायाला कळत नाही. बंद पादत्राणे घालावीत, काम संपल्यावर तळपाय आरशात पाहावेत. जेवणाची वेळ इंजिनासाठी चुकवू नये. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर कापल्यावर स्वच्छ कापड दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखाना गाठावा. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील, तर ती आधी घ्यावी. चाळीस मिनिटांनी उठावे, पण झटक्याने नव्हे. आधी पाय हलवावेत, मग उभे राहावे.

आणि काळजी घेणाऱ्यांसाठी चार शब्द. आई-वडिलांचे हात थकत चालले, हे त्यांना आपल्या आधी कळलेले असते. तेव्हा छंद एकदम हिरावून घेऊ नका. त्याच्या पायऱ्या कमी करा. आधी जाळ जाईल, मग लेथ, मग बारीक स्क्रू. शेवटपर्यंत घासणे, पुसणे, तेल देणे उरते आणि सांगणे उरते. परंतु पेटता दिवा विसरून उठणे, रोजच्या हत्याराचे नाव न आठवणे, शंभरदा जुळवलेला क्रम अडखळणे, असे वारंवार घडू लागले, तर गरम काम त्याच दिवशी थांबवा, स्पिरिट कुलपात ठेवा आणि डॉक्टरांकडे या. तो हट्ट किंवा वेंधळेपणा नसतो. तपासण्याजोगे लक्षण असते.

वर सांगितलेल्या गृहस्थांना आता अगदी बारीक स्क्रू धरता येत नाहीत. अकरा वर्षांचा नातू धरतो, आजोबा सांगतात, “अजून पाव फेरा. थांब. आता ऐक.” परवा तो मला म्हणाला, आजोबांना इंजिन कुठे अडते ते न पाहता कळते. आजोबांनी मान खाली घातली. पण रक्तदाब मोजताना त्यांचा हात मला पूर्वीपेक्षा सैल लागला.

आपल्या घराच्या माळ्यावर काय पडले आहे, ते या पंधरवड्यात एकदा पाहावे. बाष्पयंत्रच असेल असे नाही; बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ, हार्मोनियम, शिवणयंत्रही चालेल. खाली मात्र तरुण माणसाने उतरवावे. शिडीवर चढणे हे गरम कामांतच मोडते.